गाडी घरी धुवायची की पैसे देऊन धुऊन घ्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या सफाईबद्दल वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी घेतलं आहे. सुरुवातीला रोजच्या धुण्याचे प्रश्न आहेत आणि पुढे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. थेट सांगा, गाडी घरी धुतलेली चांगली की वॉशिंग सेंटरवर?

नेहमीचं धुणं घरी. रंगाचा थर कमी करणारं, गाडीचा भाग उघडावा लागणारं किंवा यंत्राने ओल शोषून काढावी लागणारं काम जाणकाराकडे. आमचं मत इतकं सरळ आहे.

कारणही तसंच आहे. धुताना हात चुकला, तर सहसा एखादा डाग राहतो आणि तो पुढच्या वेळी निघतो. पॉलिशिंगच्या मशीनवर हात चुकला, तर गेलेला थर परत येत नाही. दुसरं असं की धुताना रंगाला सगळ्यात जास्त इजा होते ती मळक्या फडक्याने आणि घाईने. सेंटरवर एकामागोमाग एक गाड्या लागलेल्या असतात. आधीच्या गाडीच्या चाकांवरून फिरलेला स्पंज तुमच्या बॉनेटवर फिरणार नाही, याची खात्री तिथे उभं राहिल्याशिवाय देता येत नाही. घरी फडकं कुठून कुठे फिरलं ते तुम्हाला ठाऊक असतं.

जागा नाही, पाणी नाही किंवा पाठ-गुडघे साथ देत नाहीत, अशा वेळी सेंटरवर जायला काहीच हरकत नाही. फक्त प्रश्न ९ मधल्या गोष्टी आधी विचारून घ्या.

२. वॉशिंग, पॉलिशिंग, डिटेलिंग, कोटिंग… यात नेमका फरक काय?

वॉशिंग म्हणजे वर बसलेली धूळ-चिखल काढणं. पॉलिशिंग (काही ठिकाणी रबिंग म्हणतात) म्हणजे वरचा पारदर्शक थर अगदी किंचित घासून सपाट करणं. त्याने चरे कमी होतात आणि थरही कमी होतो. कोटिंग किंवा वॅक्स म्हणजे त्यावर संरक्षणाचा नवा थर चढवणं. डिटेलिंग या शब्दाला ठरावीक व्याख्या नाही. एका ठिकाणी त्यात आतली सीट धुणं येतं, तर दुसरीकडे फक्त चांगलं व्हॅक्यूम आणि डॅशबोर्डला चमक. म्हणून पॅकेजचं नाव न बघता कामांची यादी मागा.

३. घरी धुवायला काय काय लागतं?

दोन बादल्या, गाडीसाठी असलेला शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि पुसायला जाड मायक्रोफायबरचे दोन मोठे टॉवेल. एवढ्यावर काम उत्तम होतं. बादलीच्या तळाशी ठेवायची जाळी मिळाली तर घ्या. माती तिच्याखाली बसते आणि हातमोज्याला परत चिकटत नाही.

प्रेशर पंप असला तर सोयीचा, पण आवश्यक नाही. स्पंजही नको. त्याच्या सपाट पृष्ठभागाखाली वाळूचा कण अडकला की तो रंगावर ओढत जातो. हातमोज्याच्या लांब धाग्यांत कण आत सरकतो.

मायक्रोफायबर धुताना कपड्यांचं कंडिशनर वापरू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. सुती कपड्यांबरोबरही टाकू नका, कारण त्यांची लव या धाग्यांत अडकून बसते. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी रंगाला लावायचं नाही, ते चाकांच्या कामात घ्या.

४. धुण्याची बरोबर पद्धत कोणती?

गाडी सावलीत घ्या आणि बॉनेट हाताला थंड लागेपर्यंत थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी पुसायच्या आत वाळतं, आणि मग डाग बसतात.

आधी चाकं. तिथेच सगळ्यात जास्त घाण असते, ब्रेकची धातूची पूडही असते, आणि ती उडून बॉडीवर येते. बॉडी आधी धुतली तर ती पुन्हा मळणार. चाकांची बादली आणि ब्रश बॉडीला अजिबात लावायचे नाहीत.

मग बॉडीवर भरपूर साधं पाणी मारा. ही पायरी लोक घाईत उरकतात, पण जितकी माती हात न लावता वाहून जाईल तितके चरे कमी. फोम मारणार असाल तर तोही इथेच. काही मिनिटं राहू द्या, वाळू मात्र देऊ नका.

आता दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एखादा भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि नंतरच परत शाम्पूत. छतापासून सुरुवात करून खाली या. दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, कारण रस्त्यावरची वाळू तिथे असते. हात गोल गोल फिरवण्याऐवजी सरळ रेषेत चालवा आणि दाब देऊ नका.

शेवटी पाणी मारून लगेच पुसा. टॉवेल पसरायचा, हलकेच ओढायचा, रगडायचं नाही. दाराच्या कडा आणि आरशांखाली साचलेलं पाणी नंतर ओघळतं, तिथे दुसरा टॉवेल फिरवा.

एक गोष्ट फार जण विसरतात. ओल्या ब्रेकसह गाडी बंद करून ठेवली की डिस्कवर गंज धरतो. धुऊन झाल्यावर थोडं अंतर सावकाश चालवून ब्रेक हलके दाबून घ्या, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. रस्त्यावर निघताना ब्रेक पूर्ण पकड घेतायत ना, तेही लगेच कळतं.

५. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर चालते का?

भांड्यांच्या साबणाने एकदा धुतली म्हणून रंग खराब होत नाही. पण तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे वॅक्सही झपाट्याने उतरवतो आणि रंग उघडा पडतो. शिवाय त्यात गाडीच्या शाम्पूइतका बुळबुळीतपणा नसतो. हातमोजा सहज सरकला पाहिजे, तरच कण घासला जात नाही. कपड्यांची पावडर मात्र नकोच. ती क्षारयुक्त असते आणि न विरघळलेले दाणे रंगावर घासले जातात.

६. रोज सकाळी फडकं मारलं तर धुवायची गरज पडत नाही ना?

या सवयीने रंगाचं जितकं नुकसान होतं तितकं क्वचितच कशाने होत असेल. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने पुसलं की तेच कण रंगावर घासले जातात. रोजचं घासणं डोळ्यांना दिसत नाही, काही महिन्यांनी उन्हात गाडी उभी केली की सगळं एकदम दिसतं. एकाच बादलीतल्या मळक्या पाण्यात तेच फडकं पिळून पुसणं त्याहून वाईट.

दुसऱ्या कुणाकडून रोज पुसून घेत असाल, तर काचा आणि आरसे रोज पुसायला सांगा आणि बॉडी आठवड्यातून एकदा नीट धुवायला सांगा. फडकी आणि हातमोजा तुमचे द्या. धूळ सहन होत नसेल, तर प्रश्न १४ मधली कमी पाण्याची पद्धत वापरा.

७. मग किती दिवसांनी धुवावी?

साधारण वापर असेल तर एक-दोन आठवड्यांनी. समुद्राजवळ राहत असाल किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यावरून जात असाल, तर त्याहून लवकर आणि खालूनही पाणी मारून. मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसून गंज आणतं. पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे आणि झाडाचा डिंक यांना आठवडा मोजायचा नाही, ते दिसताक्षणी काढायचे (प्रश्न १२).

८. हिशेब केला तर स्वस्त काय पडतं?

पहिल्या खरेदीनंतर धुणं घरीच स्वस्त. शाम्पूची बाटली बरेच महिने पुरते आणि फडकी नीट ठेवली तर ती त्याहून जास्त टिकतात. बाहेरून पूर्ण धुऊन पुसायला एक ते दीड तास लागतो. हा वेळ तुम्हाला ओझं वाटत असेल, तर तो हिशेबात धरायलाच हवा.

पॉलिशिंगचं गणित उलटं आहे. मशीन, तीन-चार प्रकारची पॅडं, दोन प्रकारची पॉलिश, चांगला दिवा आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र हे सगळं एका गाडीसाठी, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा वापरायला घेणं परवडत नाही. सीट धुऊन पाणी शोषून घेणाऱ्या मशीनचंही तेच.

९. चांगलं सेंटर ओळखायचं कसं?

चकचकीत बोर्ड न बघता बादल्या बघा. चाकांची आणि बॉडीची फडकी वेगळी आहेत का? वापरलेली फडकी धुवायला वेगळी जातात का? पुसताना फडकं बदललं जातं का? दहा मिनिटं शांतपणे उभं राहून पाहिलं तरी सगळं समजतं.

पॉलिशिंगसाठी जात असाल तर रंगाची जाडी मोजता का, हे विचारा. आधी छोट्या भागावर करून दाखवा म्हणा. काम चांगलं करणारा माणूस याला नकार देत नाही, उलट तो स्वतःच दाखवतो. गाडी देण्याआधी चारही बाजूंचे आणि आधीच असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढा, त्यांच्यासमोर काढा. आतल्या मौल्यवान वस्तू आणि कागदपत्रं काढून घ्या.

आणखी एक सूचना द्यायची असते. स्टिअरिंग, पेडल आणि टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर चमक आणणारं द्रव्य लावू नका, असं स्पष्ट सांगा. त्यातल्या सिलिकॉनमुळे हे भाग निसरडे होतात आणि तो धोका खरा आहे.

१०. ब्रश फिरणारं ऑटोमॅटिक मशीन, की नुसत्या पाण्याचा प्रेशर?

ब्रशच्या मशीनमध्ये आधीच्या गाड्यांची वाळू ब्रशमध्ये राहते आणि गडद रंगावर चरे लवकर दिसतात. ब्रश नसलेल्या मशीनमध्ये घासणं नसतं, पण ती कमतरता भरून काढायला जास्त तीव्र रसायन वापरतात. त्याने वॅक्स लवकर उतरतं. दोन्हींतून निवडायचं तर आम्ही दुसरं निवडू. मशीनमध्ये जाण्याआधी आपोआप चालणारे वायपर बंद करा.

हातातला प्रेशर पंप वापरताना रुंद फवारा घ्या आणि निदान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. एका रेषेत सुटणारा बारीक फवारा गाडीसाठी नाहीच. रंगाचा टवका उडालेला असेल तिथे जवळून मारलं, तर कडेचा रंगही निघतो. रबराच्या पट्ट्या, पार्किंगचे सेन्सर आणि रेडिएटरच्या नाजूक पात्या यांच्यापासून फवारा लांब ठेवा.

११. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात. घरी पॉलिश करून जातील का? आणि सेंटरवर करून घेतलं तर महिनाभरात परत का आले?

आधी रंगाची रचना समजून घ्या. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला सर्वात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. चरे दिसतात ते याच थरात. पॉलिशिंग चरे भरत नाही, आजूबाजूचा थर चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणजे प्रत्येक वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. कडांवर आणि उंचवट्यांवर थर पातळ असतो, तिथे मशीन क्षणभर जास्त थांबलं की खालचा रंग उघडा पडतो. मग उपाय एकच, तो भाग पुन्हा रंगवणं.

म्हणून नखाला जाणवणारा ओरखडा पॉलिशने पूर्ण काढायचा हट्ट धरू नका. तो बहुतेक वेळा इतका खोल असतो की थर पुरत नाही. बारीक चऱ्यांसाठी हाताने हलकं पॉलिश घरी करता येतं, पण फरक मर्यादित असतो. मशीन शिकायचंच असेल तर ड्युअल ॲक्शन प्रकारचं (ज्याचं पॅड फिरता फिरता जागाही बदलतं) घ्या. ते एकाच जागी उष्णता साठू देत नाही. पॅड एकाच जागी गोल फिरवणारं रोटरी मशीन सराव झालेल्या हातातच शोभतं.

आता चरे परत येण्याबद्दल. काही पॉलिशमध्ये तेलकट भराव असतो. तो चऱ्यांत बसतो, गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते आणि चार-पाच धुण्यांत भराव निघून गेला की चरे जिथल्या तिथे. खरं काम झालंय का, हे पाहायचा मार्ग सोपा आहे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी एका भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल (तेलकट भराव काढणारं द्रव्य) पाण्यात मिसळून पुसायला सांगा आणि मग दिव्याखाली पाहा. वॅक्स किंवा कोटिंग चढायच्या आधी ही तपासणी व्हायला हवी. भराव नसेल आणि तरी चरे परत आले, तर कारण धुण्याच्या पद्धतीत शोधा: प्रश्न ४ आणि ६.

१२. विष्ठा, डिंक आणि पाण्याचे पांढरे डाग कसे काढू?

विष्ठेत यूरिक आम्ल असतं आणि उन्हात ते क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतं. वाळलेली विष्ठा खरवडू नका. ओलं फडकं काही मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. तरी खाली पुसट कडा दिसली तर थराला इजा झाली आहे, आणि तो प्रश्न पॉलिशिंगचा होतो.

डिंकावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन ठेवा, विरघळू द्या, नंतर ती जागा धुऊन परत वॅक्स लावा.

पांढरे डाग जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन सावलीत लावा, एक-दोन मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा. जुने डाग रंगात रुतलेले असतात आणि घरी घासत बसण्यात अर्थ नाही.

धुतल्यावरही पत्रा खरखरीत लागतो का? पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून बोटं फिरवा, खरखर लगेच कळते. ती क्ले बारने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ वडीने निघते. भरपूर वंगण (निसरडेपणा आणणारा फवारा) मारून घरीही करता येतं, फक्त क्ले जमिनीवर पडली तर ती फेकून द्यायची.

१३. सिरॅमिक कोटिंग केलं की धुवायला लागत नाही आणि ओरखडेही पडत नाहीत, खरं का?

दोन्ही खोटं. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर लावल्यावर कडक होणारा द्रवाचा थर. पाणी आणि चिखल लवकर ओघळतो, त्यामुळे धुणं सोपं होतं, एवढंच खरं. जाहिरातीतला ९एच हा आकडा पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचा आहे. हिऱ्याच्या कठीणपणाच्या मापाशी त्याचा संबंध नाही. किल्लीचा ओरखडा पडणारच, आणि जड पाण्याचे डागही.

टिकण्याबद्दल ढोबळ अंदाज असा: कार्नौबा वॅक्स (झाडापासून मिळणारं नैसर्गिक मेण) एक-दोन महिने, कृत्रिम सीलंट (वॅक्सच्या जागी लावायचा रासायनिक थर) साधारण चार ते सहा महिने, सिरॅमिक कोटिंग दर्जा आणि निगेनुसार एक वर्षापासून काही वर्षं. वॅक्स आणि सीलंट घरी सहज लावता येतात. सिरॅमिकसाठी आम्ही जाणकाराकडे जा म्हणतो. कोटिंगखाली जे चरे राहतील ते तसेच बंद होतात, आणि वेळेत न पुसलेला थर वाळला की पॉलिश करूनच काढावा लागतो. दगडांपासून वाचवायचं असेल तर कोटिंग उपयोगाचं नाही, त्याला जाड पारदर्शक फिल्म लागते.

१४. पाणी कमी आहे. तरीही घरी धुता येईल?

येईल. चालू नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. दोन बादल्यांत गाडी नीट धुता येते. खंगाळावं न लागणाऱ्या, म्हणजे रिन्सलेस शाम्पूने तर एका बादलीत काम होतं. प्रत्येक भागाला फडक्याची नवी घडी वापरायची आणि फडकं परत बादलीत टाकायचं नाही. मात्र चिखलाने माखलेल्या गाडीवर ही पद्धत नको. तिला आधी पाणी मारलंच पाहिजे.

वाहून जाणाऱ्या पाण्यात तेल आणि धातूची पूड असते, ते विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. पाणी गाळून परत वापरणारं सेंटर जवळ असेल, तर मळकी गाडी तिथेच नेणं योग्य.

१५. आतली सफाई घरी किती करावी? वास जात नाही त्याचं काय?

व्हॅक्यूम, जेमतेम ओल्या मायक्रोफायबरने डॅशबोर्ड, काचा आतून, पायपुसणी बाहेर काढून धुणं, हे सगळं घरी. स्क्रीनवर काहीही थेट फवारू नका. नंतर फिल्म लावून घेतलेल्या काचांना अमोनिया असलेलं क्लीनर लावू नका.

कापडी सीट भिजवून धुणं मात्र टाळा. पाणी फोममध्ये उतरतं, घरी ते पूर्ण वाळत नाही, आणि बुरशीचा वास सुरू होतो. सीटखाली एअरबॅगच्या वायरी आणि सीटमध्ये सेन्सर असतात, त्यांचे प्लग ओढू नका. सांडलेलं काही ताजं असेल तर टिपून घ्या, रगडू नका. सीट खोलवर मळल्या असतील तर पाणी शोषणारं मशीन असलेल्या सेंटरकडे द्या आणि गाडी पूर्ण वाळूनच परत घ्या.

वासावर सुगंधी बाटली हा उपाय नाही. आधी एसीचा केबिन फिल्टर पाहा. तो साधारण वर्षातून एकदा बदलायचा असतो आणि बऱ्याच गाड्यांत घरी बदलता येतो. मग गालिच्याखाली ओल आहे का ते पाहा. ओझोन सोडणाऱ्या मशीनने वास कमी होतो, पण आत ओल असेल तर वासाचं मूळ तसंच राहतं. ओझोन फुप्फुसांना घातक आहे, त्यामुळे ते चालू असताना आत कुणी नको, आणि नंतर दारं उघडून हवा खेळू द्यायलाच हवी.

१६. इंजिन धुवावं का? आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

दिसण्यासाठी इंजिनवर प्रेशर मारू नका. पाणी कनेक्टरमध्ये शिरलं तर बिघाड लगेच दिसतोच असं नाही. इंजिन थंड असताना ब्रश आणि ओल्या फडक्याने पुसणं पुरतं. तेलगळती शोधण्यासाठी धुवायचं असेल तर ते काम मेकॅनिकचं.

इलेक्ट्रिक गाडी बाहेरून नेहमीसारखी धुता येते, ती पावसातही चालतेच. चार्जिंग चालू असताना धुऊ नका, चार्जिंगचं झाकण नीट बंद करा आणि तिथे प्रेशर मारू नका. बॉनेटखालच्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या विजेच्या असतात, तिकडे पाणीही नको आणि हातही नको.

१७. मॅट रंग, नुकताच रंगवलेला दरवाजा, फिल्म लावलेली गाडी यांना हेच नियम का?

नाही. मॅट रंगाला पॉलिश आणि नेहमीचं वॅक्स पूर्ण वर्ज्य. घासलं की ती जागा कायमची चमकते आणि परत मॅट होत नाही. तिच्यासाठी वेगळा शाम्पू मिळतो, ब्रशच्या मशीनमध्ये ती नेऊच नका.

कारखान्यात रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो, गॅरेजमध्ये त्याहून खूपच कमी तापमानाला. गॅरेजचा रंग पक्का व्हायला वेळ लागतो. त्यावर वॅक्स किंवा कोटिंग लावायला महिनाभर तरी थांबा आणि नेमका काळ रंगवणाऱ्याला विचारा. तोवर साध्या पाण्याने, हलक्या हाताने.

रंगावर फिल्म असेल तर तिच्या कडांवर प्रेशर मारू नका, कड उचलली जाते.

१८. हेडलाइट पिवळे पडलेत. टूथपेस्टने होतात म्हणे?

थोडे दिवस होतात. हेडलाइटचं आवरण पॉलिकार्बोनेटचं असतं आणि त्यावर किरणांपासून वाचवणारा थर असतो. पिवळेपणा म्हणजे तो थर निकामी झाला. टूथपेस्ट उरलासुरलाही घासून काढते आणि नवा देत नाही, म्हणून काही महिन्यांत काच आधीपेक्षा वाईट होते. घरी करायचं तर ज्या संचात शेवटी अतिनील किरणांपासून संरक्षणाचा थर असतो तोच घ्या. काच आतून धूसर असेल तर बाहेरून घासून काही होणार नाही, आत ओल शिरली आहे.

१९. गाडीत पुराचं पाणी शिरलं. आम्ही घरी धुऊन वाळवली तर चालेल का?

इथे घरच्या धुण्याला जागाच नाही. गाडी चालू करू नका, किल्लीही फिरवू नका. इंजिनमध्ये पाणी असेल तर सुरू करताना ते आतून मोडू शकतं. पाणी कुठवर आलं त्याचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पाण्यात उभ्या गाडीला हात लावू नका, कंपनीच्या मदत केंद्राला फोन करा, आणि उचलून नेल्यावरही ती इमारतीपासून दूर, उघड्यावर उभी करायला सांगा. भिजलेल्या बॅटरीला काही दिवसांनीही आग लागू शकते. आतले गालिचे, सीट आणि वायरी तपासून झाल्यावर, गॅरेजने हो म्हटल्यानंतरच सफाईचा विषय काढायचा, आणि तीही सीट व गालिचे पूर्ण उघडून वाळवणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यायची.